जूनचे खड्डे, ऑगस्टचा खंड : पारसिकच्या उतारावरील एका लागवडीचे प्रकरण

पार्श्वभूमी

ठाणे आणि नवी मुंबई यांच्या मधल्या पारसिक डोंगररांगेत वनविभागाच्या ताब्यातला सुमारे दीड हेक्टरचा एक उघडा उतार. खाली कातळ, त्यावर मुरूम आणि मुरुमावर कुठे वीतभर तर कुठे हातभर माती. जुनी झाडे मोजकीच आणि मधे सगळे गवत. कडेने घाणेरी आणि रानमोडीची गर्दी. दर उन्हाळ्यात एखादा वणवा वरून खाली उतरतो आणि आदल्या पावसात उगवलेली कोवळी रोपे संपवून जातो.

ठाण्यातील एका निसर्गमंडळाने २०२२च्या हिवाळ्यात या उतारावर स्थानिक जातींची लागवड करायचे ठरवले. पैसे एका कंपनीच्या सामाजिक निधीतून येणार होते आणि परवानगी व देखरेख वनविभागाची. (ओळख पटू नये म्हणून जागेचे आणि माणसांचे तपशील थोडे बदलले आहेत. हवामानाच्या तारखा खऱ्या आहेत.) तीन मीटर बाय तीन मीटर अंतराने साधारण सोळाशे रोपे बसत होती. जाती पानझडी जंगलाला साजेशा निवडल्या : ऐन, बिवळा, खैर, कोशिंब, पळस, बहावा, काटेसावर, मोह आणि ओहोळाच्या काठाला अर्जुन, करंज, जांभूळ. खड्डे दीड फुटी, म्हणजे ४५ बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरचे. ते एप्रिलमध्ये खणून उन्हात तापायला उघडे ठेवले.

मंडळाकडे एक चांगली गोष्ट होती. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातील ठरावीक झाडांच्या पालवी, फुलोरा, फळ आणि पानगळीच्या नोंदी सभासदांनी काही वर्षे नेमाने ठेवल्या होत्या. लागवडीचे वेळापत्रक त्याच नोंदींवरून बसवले होते आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

अडचण

येऊरमध्ये कोशिंबाला लालभडक पालवी फुटते ती मार्चमध्ये. पळस फुलून गेला की त्याला पाने येतात, ऐन आणि इतर झाडे एप्रिल-मेमध्ये पालवतात. माती कोरडी ठणठणीत आणि हवा तापलेली असताना, पावसाचा थेंब नसताना हे घडते. नोंदवही वाचणाऱ्याला वाटते की जंगलाचा वाढीचा हंगाम उन्हाळ्यातच सुरू होतो, मग जूनच्या पहिल्या आठवड्यात रोपे लावायला काय हरकत?

हरकत मुळांची आहे. मोठे झाड खोडात साठवलेल्या पाण्यावर आणि कातळाच्या भेगांत उतरलेल्या मुळांवर पालवते. पाने आधी तयार असली तर पहिल्या पावसापासूनच अन्न बनवता येते, एवढाच त्यात त्याचा फायदा. खोडाची जाडी मात्र त्याचीही पावसाळ्यातच वाढते. पिशवीतल्या रोपाजवळ यातले काहीच नसते. त्याचे सगळे जग १५ ते २० सेंटिमीटरच्या मातीच्या गोळ्यात मावते. एकाच डोंगरावर दोन वेगळे हंगाम चाललेले असतात. मोठ्या झाडांचा मार्च-एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत, आणि रोपांचा खोल ओल आल्यापासून ती ओल आटेपर्यंत. हवामानचक्रांचा मार प्रामुख्याने या दुसऱ्या, आखूड हंगामावर बसतो.

२०२३चे वर्ष नेमके तसे होते. ११ एप्रिलला भारतीय हवामान विभागाने देशभरासाठी सरासरीच्या ९६ टक्के पावसाचा अंदाज दिला आणि त्यासोबत एल निनोची, म्हणजे मान्सूनला अनेकदा बाधक ठरणाऱ्या प्रशांत महासागराच्या तापण्याची, शक्यताही सांगितली. त्याच्या आदल्याच दिवशी स्कायमेट या खासगी हवामान कंपनीने ९४ टक्के सांगितले होते. मंडळाच्या बैठकीत यावर एक वाक्य सगळ्यांना पटले : "देशात चार-सहा टक्के कमी पडला तरी आपल्या कोकणाला काय फरक पडतो?"

एकूण आकड्यापुरते हे खरेच आहे. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत जून ते सप्टेंबरची सरासरी सुमारे २३०० मिमी आहे. सह्याद्री ढग अडवतो, म्हणून मराठवाड्यासारखी पावसाची आबाळ इकडे होत नाही. पण झाड पाणी पिते ते मातीतून. थोडे गणित मांडू. अशा मुरमाड मातीत मीटरभर खोलीमागे झाडाला उचलता येईल असे पाणी साधारण १०० ते १२० मिमी धरले, तर ४५ सेंटिमीटरच्या खड्ड्यात ते ५० मिमीच्या आसपास भरते. बाकीचे बहुतेक पाणी ओहोळाने खाडीत जाते. पाऊस थांबून ऊन पडले की गवत आणि बाष्पीभवन मिळून रोज ४ मिमी ओल खातात. म्हणजे पूर्ण भरलेला खड्डा बारा-तेरा दिवसांत रिकामा. रोपाची मुळे अजून पिशवीच्या गोळ्यातच असतील तर त्याच्या वाट्याला २० मिमी, आणि तेवढ्यावर पाच दिवस.

म्हणून इथे २३०० मिमीचे २१०० झाले तरी काही बिघडत नाही. पंधरा दिवसांचा खंड कुठे पडतो, यावर सगळे ठरते.

एल निनो नेमके काय करतो

प्रशांत महासागराच्या मध्य-पूर्व विषुववृत्तीय पट्ट्यात समुद्राचा पृष्ठभाग सरासरीपेक्षा अर्धा अंश सेल्सिअस किंवा जास्त तापला आणि तसाच टिकला, की एल निनो धरतात. त्या तापण्याने पावसाचा मोठा उंचावणारा प्रवाह पूर्वेकडे सरकतो आणि भारताच्या बाजूला हवा खाली दाबली जाण्याची शक्यता वाढते. दूरच्या सागरी दाबांच्या या झोक्याचा आणि भारतीय मान्सूनचा संबंध गिल्बर्ट वॉकर यांनी भारतातल्या वेधशाळांचे प्रमुख असताना, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोधला. हा संबंध कलाचा आहे. २००९ आणि २०१५मध्ये एल निनो होता आणि देशात अनुक्रमे ७८ आणि ८६ टक्के पाऊस झाला. पण १९९७चा एल निनो शतकातल्या सर्वांत जोरदारांपैकी असूनही त्या वर्षी पाऊस सरासरीच्या १०२ टक्के पडला. त्या साली हिंदी महासागराची पश्चिम बाजू तापलेली आणि पूर्व बाजू थंड, म्हणजे इंडियन ओशन डायपोल धन होता, आणि तसा तो मान्सूनला हात देतो. शिवाय मॅडेन-ज्युलियन दोलन नावाचा ढगांचा मोठा पट्टा ३० ते ६० दिवसांच्या अंतराने विषुववृत्ताजवळून पूर्वेकडे फिरत असतो. हंगामाच्या आतले जोर आणि खंड बऱ्याच अंशी तो ठरवतो.

लागवड करणाऱ्याने यातून घ्यायचे ते एवढेच : एल निनोच्या वर्षी सुरुवात लांबण्याची आणि मधला खंड ताणण्याची शक्यता जास्त. पूर्ण हंगामाच्या टक्केवारीत यातले काहीही दिसत नाही.

बैठकीत एका सभासदाने उलटा मुद्दा आणला. बोर्निओ आणि मलेशियाच्या सदाहरित जंगलांत एल निनोच्या आगेमागे झाडे एकाच वेळी प्रचंड फुलतात. पनामातील बारो कोलोराडो बेटावरही अशा वर्षांत फुला-फळांचे उत्पादन वाढलेले नोंदले आहे. मग एल निनो झाडांना चांगलाच की! मुद्दा चुकीचा नव्हता, फक्त वेगळ्या जंगलाचा होता. जिथे ओल बारमाही आणि आभाळ कायम भरलेले, तिथे झाडाला कमतरता उन्हाची असते. ढग विरळ झाले की वाढ आणि फुलोरा फोफावतो. पारसिकला उन्हाची ददात नाही, कमतरता ओलीची आहे. एकच चक्र एका जंगलाचा हंगाम लांबवते आणि दुसऱ्याचा तोडते, म्हणून लांबच्या जंगलावरचा अभ्यास इकडे लावताना आधी आपल्या जंगलाला कशाची चणचण आहे ते पाहावे.

समोरचे पर्याय

मेच्या मध्यावर चार पर्याय टेबलावर होते.

पहिला, ठरल्याप्रमाणे ५ जूनला, पर्यावरण दिनी, सगळी लागवड करायची आणि पाऊस येईपर्यंत टँकरने पाणी घालायचे. कंपनीचा कल याकडे होता. पाहुणे ठरले होते.

दुसरा, मान्सून मुंबईत स्थिरावून माती खोलवर भिजली की लावायचे. मुंबईत मान्सून येण्याची हवामान विभागाची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. मृगाच्या भरवशावर बसलेल्यांना ती जवळची वाटते.

तिसरा, लागवड २०२४वर ढकलायची. हा पर्याय दोन मिनिटांत बाद झाला, कारण निधी ३१ मार्चपर्यंत संपवायलाच हवा असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात कंपनी कायद्यात 'चालू प्रकल्प' म्हणून नोंदवलेल्या कामाचा न खर्चलेला निधी आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येतो. हे कंपनीच्या लेखा विभागाला विचारले असते तर लागलीच कळले असते. कोणी विचारले नाही.

चौथा, विभागून लावायचे. काही रोपे सुरुवातीला, काही जुलैत, आणि काही राखीव ठेवायची.

वनपालांनी दुसरा सुचवला. पायथ्याच्या पाड्यावरचे एक वयस्कर गृहस्थ, ज्यांनी खड्डे खणले होते, त्यांनी वेगळ्याच शब्दांत तेच सांगितले : "वरून ओली दिसली तरी हात घाला साहेब, आत जमीन तापलेलीच असते. पाऊस आतपर्यंत जाऊ द्या."

निर्णय आणि काम

तोडगा निघाला तो असा : ५ जूनला कार्यक्रमापुरती साठ रोपे, बाकीची पाऊस स्थिरावल्यावर.

८ जूनला केरळात मान्सून पोहोचला, त्याच दिवशी अमेरिकेच्या हवामान संस्थेने एल निनो सुरू झाल्याचे जाहीर केले. अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ घोंघावत होते, त्याने किनाऱ्यावरची ओल ओढून नेली आणि मान्सून कोकणात रेंगाळला. मुंबईत तो आला २५ जूनला, आणि त्याच दिवशी दिल्लीतही. अशी जोडी याआधी १९६१मध्ये जमली होती. कार्यक्रमातल्या साठ रोपांना तोवर तीन आठवडे टँकरवर काढावे लागले. दर तिसऱ्या दिवशी दोन-तीन लिटर पाणी घातले गेले. एवढे पाणी वरचे चार इंच भिजवते, मुळे वरच राहतात आणि भोवतालचा तापलेला मुरूम बाजूने ओल शोषत राहतो. पाणी घालायचेच तर आठवड्यातून एकदा दहा लिटर, सावकाश, दोन टप्प्यांत घालावे.

२५ जूननंतर मात्र घाई झाली नाही, हे या प्रकरणातले सर्वांत चांगले पाऊल. मंडळाने जागेवरच एक साधे पर्जन्यमापक लावले होते आणि सकाळी साडेआठला त्याची नोंद होत होती. सांताक्रूझचा आकडा पारसिकला लागू पडेलच असे नाही. डोंगराच्या दोन बाजूंना एकाच दिवशी निम्म्याचा फरक दिसतो. तीन गोष्टी जुळल्या की लावायचे असे ठरले : सात दिवसांत किमान १०० ते १५० मिमी, खड्ड्याशेजारी पहारीने एक फूट खणल्यावर मुठीत माती दाबली की गोळा बनणे, आणि हवामान विभागाच्या दर गुरुवारच्या विस्तारित अंदाजात कोकणासाठी पुढचे दोन आठवडे कोरडे न दिसणे. जूनच्या शेवटी तिन्ही जुळल्या आणि पुढच्या दहाएक दिवसांत हजार रोपे लागली.

लावण्याची पद्धत नीट होती. पिशवी पूर्ण कापून काढली. तळाशी गुंडाळी झालेली मुळे कात्रीने छाटली, कारण ती तशीच राहिली तर झाड चार-पाच वर्षांनी स्वतःच्याच मुळांनी आवळले जाते. खड्डा भरताना वरची काळी माती तळाला आणि मुरूम वर टाकला. उताराच्या खालच्या बाजूला अर्धगोल बांध घातला, आणि त्याला एका टोकाला चार बोटे खोल सांडवा ठेवला. सपाट जागी हा सांडवा बऱ्याच खड्ड्यांत राहून गेला होता. जुलैत त्याची किंमत मोजावी लागली.

जुलै २०२३ हा सांताक्रूझच्या नोंदीतला सर्वाधिक पावसाचा जुलै ठरला; महिन्याची बेरीज १५०० मिमीच्या पुढे गेली. घट्ट मुरमात खणलेला खड्डा म्हणजे पाण्याची टाकीच. सपाटीवरच्या खैर आणि बिवळ्याच्या मुळांभोवती आठवडाभर पाणी साचले, पाने पिवळी पडली आणि रोपे मुळाशी कुजली. अर्जुन, जांभूळ, करंज यांना काही झाले नाही. १९ जुलैच्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्यानंतर भिजलेल्या उतारावर मजूर चढवायचे नाहीत असे वनविभागाने सांगितले आणि काम थांबले. उरलेली साडेपाचशेच्या आसपास रोपे पायथ्याशी पिशव्यांतच राहिली.

ऑगस्टचा खंड

या प्रकरणातला खरा निर्णय ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातला.

पाऊस ओसरला होता. माती छान वाफशावर आली होती, चिखल नव्हता, मजूर मिळत होते. काम करायला याहून चांगली हवा असत नाही. पण मजुराला सोयीची हवा रोपाला सोयीची असेलच असे नाही. ३ ऑगस्टच्या गुरुवारी विस्तारित अंदाज पाहायचा राहून गेला; जूनमध्ये तीन अटी काटेकोर पाळणाऱ्यांनी ऑगस्टमध्ये त्या विचारातही घेतल्या नाहीत, कारण 'आता पावसाळाच चालू आहे'. राखीव म्हणून दोनशे रोपे एका सभासदाच्या हट्टामुळे बाजूला राहिली. साधारण साडेतीनशे लावली गेली.

मग पावसाने दडी मारली. मान्सूनचा आस, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, हिमालयाच्या पायथ्याला जाऊन बसला आणि देशात ऑगस्टचा पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी झाला. १९०१पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नव्हता. कोकणातही महिनाभर नुसत्या सरी आल्या, आणि त्या दिवसाला चार मिमीची भरपाई करण्याइतक्या नव्हत्या.

जुलैच्या सुरुवातीला लावलेल्या रोपांची मुळे तोवर पाच-सहा आठवड्यांची झाली होती. नमुन्याला दोन रोपे उकरून पाहिली तेव्हा मुळे गोळ्याबाहेर वीतभर खाली उतरलेली होती. ती पाच दिवसांच्या नव्हे, बारा दिवसांच्या साठ्यावर जगत होती, आणि मधूनमधून येणाऱ्या सरी त्यांना पुरत होत्या. ऑगस्टमधली रोपे अजून गोळ्यातच होती. दहा दिवसांत कोशिंब आणि मोहाची कोवळी पाने करपली.

इथे पुन्हा दोन वाटा होत्या. सगळ्यांना पाणी घालायचे तर साडेतेराशे रोपांना दहा लिटरप्रमाणे साडेतेरा हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर पूर्ण आणि दुसऱ्याचा एक तृतीयांश, शिवाय उतारावर पाइप ओढायला माणसे, आणि हे दर आठवड्याला. निवडून घालायचे तर कोणाला? मंडळाने नव्या साडेतीनशेंनाच दोनदा पाणी घातले आणि जुन्यांना नुसते आच्छादन केले. निर्णय योग्य होता. आच्छादन मात्र उशिरा, खंड सुरू होऊन पंधरा दिवस झाल्यावर पडले. भोवतीचे गवत मुळासकट उपटून तेच वाळवून हातभर वर्तुळात आठ-दहा सेंटिमीटर जाड पसरले असते, खोडापासून चार बोटे जागा सोडून, तर दिवसाची ओल खाणारे गवतही गेले असते आणि बाष्पीभवनही अडले असते. कापलेले गवत पुन्हा फुटते आणि तितकेच पाणी पिते, म्हणून विळ्याने नुसते छाटणे पुरत नाही.

सप्टेंबरमध्ये पाऊस परतला; देशात त्या महिन्यात सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त पडला. डायपोल तोवर धन झाला होता. हंगामाची देशाची बेरीज ९४ टक्क्यांवर थांबली. एप्रिलचे दोन्ही अंदाज जवळपास बरोबर ठरले आणि त्यांपैकी एकाचाही या उताराला काडीचा उपयोग झाला नाही.

निकाल

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात मान्सून मुंबईतून माघारी गेला आणि ऑक्टोबरच्या उन्हाने उतार पंधरवड्यात पिवळा पडला. डिसेंबरमध्ये माथ्याकडून जाळरेषा काढली : तीन ते सहा मीटर रुंदीचा गवत-पाचोळा साफ केलेला पट्टा. त्या उन्हाळ्यात वणवा शेजारच्या उतारावरून गेला, इकडे आला नाही. आला असता तर खालचे आकडे काढायला काही उरलेच नसते.

जून २०२४च्या सुरुवातीला, पाऊस येण्याआधी मोजणी झाली. नोव्हेंबरात रोपे जिवंत दिसतात, मे पार केलेलेच खरे, म्हणून मोजणी त्याआधी करण्यात अर्थ नसतो. कार्यक्रमातल्या साठांपैकी जेमतेम पंधरा उरली होती. जुलैच्या हजारांपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास जगली, आणि मेलेल्यांतली बरीचशी साचलेल्या पाण्याची बळी होती, खंडाची नव्हे. ऑगस्टच्या साडेतीनशेंपैकी तिसरा हिस्सा जगला, दोनदा पाणी घालूनही. पायथ्याशी मोठ्या पिशव्यांत हलवलेली दोनशे रोपे दीड-दोन फुटांची झाली होती. २०२४मध्ये मान्सून ९ जूनला मुंबईत आला, ती रोपे जूनअखेर लागली आणि त्या वर्षी देशात १०८ टक्के पाऊस झाला. त्यांतली बहुतेक टिकली. चांगल्या वर्षाचा वाटा त्यात किती आणि मोठ्या पिशवीचा किती, हे वेगळे काढता येत नाही.

येऊरच्या नोंदवहीत २०२४च्या मार्चमध्ये कोशिंबाची पालवी नेहमीसारखीच लाल आली. २०२३च्या खंडाची खूण मोठ्या झाडांच्या पानांवर शोधणे व्यर्थ होते. शोधायची तर खोडाच्या त्या वर्षीच्या वलयात. सागाच्या अशा वलयांवरून जुन्या मान्सूनचा माग काढण्याचे काम पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत झाले आहे.

वेगळे काय करता आले असते

हंगाम पुढून न मोजता मागून मोजायला हवा होता. रोपाला मुळे हातभर खाली न्यायला अडीच ते तीन महिने ओली माती लागते. पाऊस साधारण ८ ऑक्टोबरला माघारी जातो ही मुंबईची हवामान विभागाची तारीख धरली, त्यात मातीतल्या साठ्याचे दहा-बारा दिवस मिळवले, की हंगामाचा शेवट २० ऑक्टोबरच्या सुमारास येतो. तिथून मागे तीन महिने म्हणजे २० जुलै. पातळ मातीच्या उतारावर यानंतर रोप लावू नये, मग हवा कितीही साजरी असो. ही तारीख ओलांडली की रोपे पुढच्या वर्षासाठी मोठ्या पिशवीत हलवावीत. परतीचा पाऊस मात्र दरवर्षी वेगळा वागतो. २०१९मध्ये धन डायपोलच्या जोरावर मान्सून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रेंगाळला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये लावलेलेही बरेच जगले असते. पण ते जुलैत कळत नाही, म्हणून मोजणी सरासरीवरच करावी आणि लाभले तर नफा समजावा.

स्वतःच्या डोंगराचा हंगाम उपग्रहावरून आधीच पाहता आला असता. सेंटिनेल-२ची चित्रे मोफत मिळतात, दहा मीटरची बारकाई आणि दर पाच दिवसांनी एक फेरी. पावसाळ्यात ढगांमुळे ती निकामी असतात, पण ऑक्टोबरपासून आभाळ मोकळे होते आणि उतार हिरव्याचा पिवळा कोणत्या आठवड्यात होतो हे स्वच्छ दिसते. जुन्या वर्षांसाठी २०००पासूनची मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाची चित्रे आहेत, पण त्यांची बारकाई अडीचशे मीटरची, म्हणजे दीड हेक्टरचा तुकडा एका ठिपक्यातही मावून जातो. सुरुवातीची तारीख या चित्रांवरून काढू नये. एप्रिलची हिरवळ मोठ्या झाडांची असते, जूनची गवताची. रोपांना यातली कुठलीच लागू नाही. शेवटाची तारीख मात्र भरवशाची.

जातींची मांडणी खड्ड्यागणिक करायला हवी होती. सपाटीला आणि ओहोळाला अर्जुन-करंज-जांभूळ, उतारावर खैर-बिवळा-पळस. यादी जवळ होती, पण लावताना ज्या हाताला जे रोप आले ते गेले.

कार्यक्रमासाठी ५ जूनला रोपे लावण्याऐवजी त्या दिवशी बिया भिजवणे, आच्छादनाचे गवत गोळा करणे किंवा बांध घालणे अशी कामे ठेवता आली असती. कंपनीचे लोक घाम गाळायला तयार होते. त्यांना रोपच हवे होते असे नाही.

२०२५ची पुरवणी

मंडळाने शिकून २०२५ची पुनर्लागवड आखली. मेलेल्या जागी दोनशेच्या आसपास रोपे लावायची होती आणि सगळ्यांचे डोळे उशिराच्या मान्सूनकडे होते. मान्सून २६ मे रोजी मुंबईत आला. नोंदीतला हा सर्वांत लवकरचा. आधीचा १९५६मधला २९ मे मागे पडला. कुलाब्यात मेचा १९१८चा उच्चांक मोडला. तीन अटींपैकी पहिल्या दोन, पाऊस आणि फूटभर ओल, २८ मेला पूर्ण झाल्या. रोपवाटिकेतून रोपे मागवा असे फोन सुरू झाले.

या वेळी तिसरी अट पाहिली गेली. पुढच्या पंधरवड्याचा अंदाज दमदार पावसाचा नव्हता आणि मान्सूनची रेषा महाराष्ट्रातच अडली होती. मंडळ थांबले. पुढे जवळजवळ जूनच्या मध्यापर्यंत मान्सून पुढे सरकला नाही आणि मेच्या पावसाने भरलेले खड्डे पुन्हा कोरडे झाले. शेजारच्या एका गटाने २८ मेलाच लावून टाकले होते. त्यांना जूनमध्ये टँकर लावावा लागला. मंडळाची लागवड जूनच्या तिसऱ्या आठवड्यात झाली.

अडचण आली ती वेगळीच. रोपवाटिकेत रोपे उन्हाला सोसवण्याचे काम, म्हणजे सावलीची जाळी टप्प्याटप्प्याने काढून पाणी कमी करत नेणे, नेहमीप्रमाणे मेच्या शेवटच्या आठवड्यात सुरू व्हायचे होते. पाऊस आधीच आल्याने ते झालेच नाही, आणि मऊ, लांबट वाढलेली रोपे उतारावरच्या वाऱ्यात आडवी झाली. आता हे काम ५ मेपासून सुरू करायचे ठरले आहे. प्रत्येक रोपाला एक बांबूची काठी आणि सुतळीचा सैल आठच्या आकाराचा बांध देण्याचा खर्चही पुढच्या अंदाजपत्रकात धरला आहे.